उघडं मैदान, रात्रीचे ३८ फॅरनहाइट, मार्चिंग बँडची स्पर्धा आणि सोबत सत्तरीतले आई-बाबा: काय तयारी करू?

मुक्काम_एडिसन:

नमस्कार मंडळी. मुलगी नववीत आहे, शाळेच्या मार्चिंग बँडमध्ये (मैदानावर चालत, आकृत्या काढत वाजवणारा बँड) क्लॅरिनेट वाजवते. पहिलंच वर्ष. येत्या शनिवारी इथेच, न्यू जर्सीतल्या एका हायस्कूलच्या मैदानावर स्पर्धा आहे. तिच्या बँडची वेळ रात्री ८:१५, बक्षिसं साधारण दहाला. हवामानाचा अंदाज ३८ फॅरनहाइट (३ सेल्सियसच्या आसपास), वारा ताशी १५ मैल, पाऊस नाही, आकाश निरभ्र.

नाशिकहून आई-बाबा आलेत. नातीला वाजवताना बघायचंच म्हणतात. बाबा ७४ वर्षांचे, मधुमेह आहे, इन्सुलिन घेतात, कानाला यंत्र आहे. आई ७० ची, गुडघे दुखतात आणि साडीशिवाय काही नेसायला तयार नाही.

प्रश्न असे:
१) दोन-तीन तास बाकावर बसून थंडीत निभावायचं कसं? सोलापुरी चादरी चार आहेत, त्या पुरतील का?
२) कुठे बसायचं, किती वाजता पोहोचायचं?
३) मुलीची क्लॅरिनेट लाकडी आहे. थंडीत काही होतं का तिला? आणि गणवेशाच्या आत काय घालायचं?

---

गारठा_उतारा:

चादरी घरी ठेवा. सोलापुरी चादर सुती असते, वारा तिच्यातून आरपार जातो आणि दव पडलं की ती ओलावा धरून ठेवते. गाडीत मांडीवर घ्यायला छान, स्टेडियमसाठी नाही.

या स्पर्धांमध्ये बहुतेकांची एकच गल्लत होते. सगळी मंडळी वरून पांघरुणं घेत राहतात आणि थंडी खालून येते. हायस्कूलची बाकं अ‍ॅल्युमिनियमची असतात. सूर्य मावळला की तासाभरात ती बर्फासारखी होतात, आणि धातू असल्याने अंगातली उष्णता सतत खेचत राहतात. अंगात हजार रुपयांचा कोट असो की पन्नास हजारांचा, बसल्यावर त्याचा मागचा भाग वजनाखाली चपटा होतो. कापूस असो की पिसं, आतली हवा निघून गेली की ऊब संपली.

म्हणून पहिली खरेदी बसायच्या फोमची. बागकाम करताना गुडघ्याखाली घ्यायची फोमची पाटी मिळते ना, एक इंच जाडीची, ती माणशी एक. तंबूत अंथरायची जाड चटई असेल तर तिचे दीड फुटाचे चौकोन कापा. योगा मॅट असेल तर चार पदरी घडी करून. फोम कुठला चालेल याची परीक्षा सोपी आहे: अंगठ्याने जोरात दाबा, लगेच वर आला आणि पाण्याचा थेंब आत शिरला नाही तर तो कामाचा. सोफ्याच्या उशीतला मऊ स्पंज नको, तो बसताक्षणी कागद होतो आणि दव शोषतो.

दुसरा फोम पायांखाली. हे कुणीच करत नाही, आणि तक्रार मात्र सगळ्यांची पायांचीच असते. बाकांच्या पायठेवणीची फळीही धातूचीच असते आणि तिच्या खालून वारा मोकळा वाहतो. फोम नसेल तर सामान आलेल्या खोक्याचा जाड पुठ्ठा दुहेरी करून टाका. फुकटात काम होतं.

आता अंगावरचं. अंगालगत पॉलिएस्टर किंवा मेरिनो लोकरीचं पातळ थर्मल, वर लोकरीचा स्वेटर किंवा फ्लीस (पॉलिएस्टरचं मऊ, उबदार कापड), सगळ्यात वर वारा अडवणारं काहीतरी. अगदी पावसाळी जॅकेटसुद्धा चालेल, फक्त ते स्वेटरच्या वरून चढेल एवढं सैल हवं. बनियन सुती नको. पार्किंगपासून चालत आणि पायऱ्या चढत येताना पाठीला घाम येतो, सुती कापड तो धरून ठेवतं, आणि बसल्यावर वीस मिनिटांत हुडहुडी भरते. म्हणून चालताना कोटाची चेन उघडी ठेवा, बसण्याआधी बंद करा.

३८ आणि १५ मैल वारा म्हणजे अंगाला २९ फॅरनहाइटसारखं लागणार, म्हणजे शून्य सेल्सियसच्या खाली. त्यात निरभ्र आकाश, म्हणजे वारा जरा पडला की बाकांवर दव येणार. एक जुना टॉवेल फक्त बाक पुसायला ठेवा.

मोज्यांबद्दल: एकावर एक दोन जोड घालून बूट घट्ट करू नका. पाय आवळला की रक्त नीट फिरत नाही आणि बोटं जास्त गार पडतात. एकच जाड लोकरीचा जोड, बोटं आत हलतील एवढे सैल बूट. आणि गाडीत हीटरसमोर बूट घालून बसू नका, पाय घामेजतात. मैदानावर पोहोचल्यावर कोरडे मोजे आणि बूट चढवा.

हातांना पाच बोटांच्या मोज्यांपेक्षा अंगठा वेगळा आणि बाकी चार बोटं एकत्र असे मोजे उबदार. बोटं एकमेकांना ऊब देतात. मोबाइल काढायचा म्हणून आत पातळ मोजे घाला.

आईंच्या साडीसाठी: परकराच्या आत फ्लीस लावलेली लेगिंग, वर घोट्यापर्यंत लोकरीचे मोजे, आणि गुडघ्याच्या खाली येणारा कोट. पाचवारीत खालून वारा शिरतो, हा खरा त्रास. नऊवारी नेसत असतील तर त्या बाबतीत ती सरस, काष्ट्यामुळे पाय झाकलेले राहतात! पायात मात्र चपला-सँडल अजिबात नको, त्यावर ठाम राहा.

कानटोपी बेस्ट. इथल्या महागड्या टोप्यांनी नाक-गळा झाकत नाही, आपली माकडटोपी झाकते.

---

पिट_क्रू_बाबा:

वरचं सगळं मान्य. मी जागा आणि वेळेचं सांगतो.

आधी हे पक्कं करा की तुम्ही योग्य बाजूला बसताय. बँड एकाच बाजूला तोंड करून वाजवतात, जिथे वर काचेची खोली असते आणि परीक्षक बसतात. समोरची पाहुण्यांची बाजू रिकामी दिसली म्हणून तिकडे गेलात तर सगळ्या कार्यक्रमभर पाठमोरी मुलं आणि दबलेला आवाज. पुष्कळ ठिकाणी ती बाजू बंदच ठेवतात.

मैदानाच्या मधोमध, ५० यार्डांच्या रेषेसमोर, आणि वरच्या तिसऱ्या हिश्श्यात बसा. मैदानावर मुलं ज्या आकृत्या काढतात त्या उंचावरूनच कळतात. खाली बसलं की फक्त टोप्यांची रांग दिसते आणि पुढच्या स्पीकरांचा दणका कानात. उंचावर वारा जास्त, हे खरं, पण काचेच्या खोलीच्या अगदी खालच्या ओळीत पाठीमागे भिंतीचा आडोसा मिळतो. ती जागा आधी भरते. आईंच्या गुडघ्यांसाठी मधल्या पायऱ्यांना कठडा आहे का ते बघून घ्या. बऱ्याच जुन्या मैदानांवर नसतो. नसेल तर खालून आठव्या-दहाव्या ओळीवर समाधान माना. परतताना दव पडलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या पायऱ्या निसरड्या होतात आणि त्यात साडी.

वेळेचं गणित: एका बँडला येऊन, वाजवून, सगळं सामान उचलून बाहेर पडायला मिळून १२ ते १५ मिनिटं. त्यातलं प्रत्यक्ष वादन सात-आठ मिनिटांचं. पुष्कळ ठिकाणी आकाराने लहान बँड आधी, मोठे नंतर. मधे परीक्षकांसाठी सुट्टी. ८:१५ ची वेळ असेल तर आई-बाबांना घेऊन ७:१५ ला दारात पोहोचा. म्हणजे गाडी लावणं, हळूहळू चढणं, दोन-तीन बँड बघून खेळ समजणं, सगळं बसतं. दुपारी चारला येऊन बसण्यात अर्थ नाही, आठ वाजेपर्यंत म्हातारी माणसं गारठून जातील.

तिकीट काढताना दोन गोष्टी विचारा. एक, बाहेर जाऊन परत आत येता येतं का. हातावर शिक्का किंवा मनगटपट्टी देत असतील तर वादन झाल्यावर आई-बाबांना गाडीत हीटर लावून बसवा आणि बक्षिसांना परत आणा. दोन, पिशवीचा नियम. काही ठिकाणी पारदर्शक पिशवीच चालते, आणि बाहेरचं खाणं अडवतात, कारण आतला खाण्याचा ठेला यजमान शाळेच्या पालकांचा असतो आणि बँडचा खर्च त्यातून निघतो. मधुमेहाचं खाणं-औषध मात्र दारावर सांगितलं की सोडतात. पारदर्शक डबीत वेगळं ठेवा म्हणजे उकरायला नको.

आणि एक शिष्टाचार, जो आपल्या माणसांना सगळ्यात जड जातो. ढोल-ताशा पथकासमोर आपण नाचतो, ओरडतो, पुढे घुसतो. इथे बँड वाजायला लागला की जागेवरून उठायचं नाही, पायऱ्यांवरून ये-जा नाही. स्वयंसेवक दोर लावून अडवतात. चहा आणायला गेलात आणि तेवढ्यात सुरुवात झाली तर आठ मिनिटं खाली उभं राहावं लागेल, आणि ते तुमच्याच मुलीचं वादन असलं तरी सोडणार नाहीत. म्हणून ७:५० ला सगळ्यांचं शौचालय उरकून घ्या. थंडीत लघवी लागते वारंवार, रांगही मोठी असते. टाळ्या मधेमधे चालतात, एखादी अवघड उसळी किंवा मोठा सूर लागला की जोरात वाजवा. पण फ्लॅश नको, आणि हळू भागात मुलीचं नाव घेऊन हाक तर नकोच.

वाजवून झाल्यावर मुलगी लगेच भेटेल असं समजू नका. ती रांगेत बाहेर पडते, सामान ट्रकवर चढवते, मग सगळा बँड एकत्र येऊन बसतो. घरी ती बसनेच येणार, शाळेत. तिथेही ट्रक उतरवायला अर्धा-पाऊण तास. थंडीत बक्षिसांच्या वेळी यजमान बरेचदा सगळ्या बँडांना मैदानात उभं न करता फक्त ड्रम मेजरना, म्हणजे बँडचं नेतृत्व करणाऱ्या मुलांना, बोलावतात. म्हणजे आजोबांना नात तेव्हा मैदानात दिसेलच असं नाही, आधीच सांगून ठेवा.

---

सूर_थोडा_खाली:

क्लॅरिनेटचं मी बोलते, कारण तिसऱ्या प्रश्नात सगळ्यात महाग चूक लपली आहे.

लाकडी क्लॅरिनेट मैदानावर नेऊच नका. शनिवारीच नव्हे, पूर्ण हंगामात. ती ग्रेनाडिला नावाच्या काळ्या, फार घट्ट लाकडाची असते. आतून ३५ अंश सेल्सियसची दमट फुंकर जाते, आतलं लाकूड फुगतं. बाहेरून ३ अंशांचा वारा लागतो, बाहेरचं आकसतं. दोन्हींची ओढाताण झाली की उभी चीर जाते, बहुधा वरच्या तुकड्याला, चाव्यांच्या भोकांमधून. पहिल्यांदा केसाएवढीच असते, उजेडात तिरकी धरली तर दिसते. तिच्यातून हवा गळली की खालचे सूर बोलत नाहीत आणि मुलीला वाटतं आपलंच चुकतंय.

मार्चिंगसाठी प्लॅस्टिकची क्लॅरिनेट वापरतात. शाळेकडे बहुतेक असतात, आजच बँडच्या सरांना मेल करा. तोंडाचा तुकडा तिचाच लावता येतो, तो लाकडी नसतो, म्हणून तिच्या ओठांची सवय मोडत नाही. प्लॅस्टिक थोडं वेगळं वाजतं, दोन दिवस सराव मिळाला तर बरं.

थंडीत सूर का पडतात तेही तिला सांगा, म्हणजे घाबरणार नाही. गार हवेत ध्वनीचा वेग कमी होतो. २० अंशांना सेकंदाला ३४३ मीटर, ३ अंशांना ३३३ च्या आसपास. नळीतली सगळी हवा तेवढी गार असती तर सूर जवळजवळ अर्ध्या स्वराच्या निम्म्याने उतरला असता. फुंकरीने हवा गरम होत असल्याने प्रत्यक्षात तेवढा उतरत नाही, पण उतरतो. गंमत अशी की मैदानाच्या पुढे ठेवलेल्या व्हायब्राफोनच्या धातूच्या पट्ट्या थंडीत कडक होऊन किंचित चढतात. फुंकणारी वाद्यं खाली, पट्ट्यांची वाद्यं वर. ऐकताना मोठ्या बँडांतही काहीतरी खरखरतंय असं वाटलं तर ते हेच.

उपाय: दारापाशी थांबताना सगळी भोकं बंद धरून, आवाज न काढता सावकाश गरम फुंकर आत सोडत राहायची, दर मिनिटाला पाच-सहा. वाद्य जॅकेटच्या आत धरायचं. रीड (तोंडाच्या तुकड्यावरची पातळ पट्टी) कोरडी आणि गार पडली की पहिला सूर किंचाळतो, म्हणून ती शेवटपर्यंत तोंडात किंवा झाकून ठेवायची. आणि आधीच्या सरावात सूर लावून निश्चिंत व्हायचं नाही. तिथून मैदानाच्या दारापर्यंत चालत येईस्तोवर वाद्य परत गार झालेलं असतं.

हातमोजे: क्लॅरिनेटची भोकं बोटांनी झाकायची असतात, म्हणून मोज्यांची टोकं कापतात. पहिल्या पेराच्याही वर, फक्त बोटाचं मांस उघडं राहील एवढंच कापा. कडेला रंगहीन नेलपॉलिश लावा, धागे सुटत नाहीत. घरी एकदा मोजे घालून वाजवून बघायला लावा, स्पर्धेच्या रात्री पहिल्यांदा नको. हँड वॉर्मर (हवा लागली की गरम होणारी छोटी पुडी) तळव्यात मावत नाही. मनगटाच्या आतल्या बाजूला, पातळ बाहीच्या वरून आणि गणवेशाच्या बाहीखाली बसवता येतो. बोटांकडे जाणारं रक्त तिथूनच जातं.

गणवेशाच्या आत अंगाला चिकटून बसणारं पातळ काळं थर्मल, वर आणि खाली. उंच गळा आणि टोपी असलेलं काही नको, कॉलरमधून डोकावतं. आत जीन्स तर मुळीच नको, पायच उचलत नाहीत. मोजे काळे, पोटरीपर्यंत, एकच जोड. त्या बुटांचे तळ फार पातळ असतात, म्हणून आत पातळ लोकरीचा किंवा फोमचा तळवा घाला, पण बूट आधी घालून बघा. वरून जॅकेट असू दे, ते मैदानात शिरण्याआधी पालक गोळा करतात. त्यावर आत नाव लिहा, अंधारात सगळी जॅकेटं सारखीच दिसतात.

वाजवण्याआधी हॉट चॉकलेट नको. साखर आणि दूध फुंकरीबरोबर आत जातं, चाव्यांखालच्या गाद्या चिकट होतात आणि चाव्या उचलायच्या वेळी चिकटून राहतात. नंतर दोन कप पिऊ दे!

---

झांजेची_आई:

एक चांगला उपाय राहिला. हँड वॉर्मरची मोठी खोकी घाऊक दुकानात स्वस्त पडतात. माणशी चार घ्या, दोन खिशात, दोन बुटांत. काम फत्ते.

---

गारठा_उतारा:

@झांजेची_आई, खिशातले ठीक, बुटांतले नको. हँड वॉर्मरच्या पुडीत लोखंडाची भुकटी, मीठ, कोळसा आणि ओलावा असतो. हवा लागली की लोखंड गंजायला लागतं आणि त्यातून ऊब येते. बुटात हवा कमी, म्हणून तो अर्धवट गरम होऊन बसतो, आणि जाड असल्याने बूट आवळतो तो वेगळाच. पायांसाठी वेगळे मिळतात, चपटे आणि एका बाजूला गोंद असलेले, कमी हवेत चालणारे. ते मोज्याच्या वरून बोटांच्या भागावर चिकटवायचे, कातडीला कधीच नाही.

पुडी फोडून अर्ध्या तासाने खरी गरम होते. म्हणजे ७:१५ ला पोहोचणार तर ६:४५ ला गाडीतच फोडा. मैदानावर गारठल्यावर फोडून काही उपयोग नाही. गार वाटली तर हलवा, हवा आत जाते. आणि उरली तर झिपच्या पिशवीत हवा दाबून काढून बंद करा, आतलं गंजणं थांबतं, दुसऱ्या दिवशी परत चालते. आठ-दहा तासांची असते.

पण मुक्काम_एडिसन, बाबांच्या पायाला मात्र यातलं काहीच नको. मधुमेहात पायांची जाणीव कमी झालेली असू शकते. वॉर्मर जास्त गरम झाला तरी त्यांना कळणार नाही, आणि पायाला भाजलेलं मधुमेह्याला बरं व्हायला महिने लागतात. पुठ्ठा, फोम, लोकरीचे मोजे, सैल बूट, एवढंच. आणि घरी गेल्यावर पाय गरम पाण्यात घालू देऊ नका, त्याच कारणाने. नुसते कोरडे मोजे आणि पांघरूण, आणि झोपण्यापूर्वी तळपाय एकदा नजरेखालून घाला.

---

मुक्काम_एडिसन:

बापरे, केवढी माहिती! सरांना मेल केला, प्लॅस्टिकची क्लॅरिनेट उद्या मिळणार आहे. @सूर_थोडा_खाली ताई, मनापासून धन्यवाद.

अजून दोन शंका. बाबांचं इन्सुलिन आणि साखर मोजायचं यंत्र सोबत लागणार, ते थंडीत चालतं का? आणि आईने गावाकडची घोंगडी आणली आहे, ती न्यावी का? चहाचं काय करू?

---

नर्सबाई_नॉर्थ_जर्सी:

इन्सुलिन गोठलं की ते बाद. नंतर वितळलं तरी वापरायचं नाही. ३८ ला गोठणार नाही, पण पेन बाहेरच्या खिशात किंवा पायाशी ठेवलेल्या पिशवीत ठेवू नका, सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवा. अगदी अंगाला चिकटूनही नको आणि हँड वॉर्मरच्या खिशात तर नकोच. उष्णतेनेही ते बिघडतं.

साखरेचं यंत्र आणि पट्ट्या बहुतेक कंपन्यांच्या ५० फॅरनहाइटच्या खाली नीट चालत नाहीत. चूक दाखवतात किंवा आकडाच देत नाहीत. तेही आतल्या खिशात. बोटं गार असली तर रक्ताचा थेंब येत नाही. आधी हात काखेत धरून गरम करा, साखर शक्यतो गाडीतच मोजा. घाम, थरथर ही साखर कमी झाल्याची लक्षणं आहेत, पण थंडीतली थरथर अगदी तशीच दिसते. म्हणून बाबा कापायला लागले की "थंडी वाजतेय" म्हणून सोडून देऊ नका. मोजा, नाहीतर सरळ गोड द्या आणि गाडीत न्या. रात्रीचं जेवण चुकवून येऊ नका. साडेसहाला घरी जेवून निघा, इन्सुलिनची वेळ त्याप्रमाणे त्यांच्या डॉक्टरांना विचारून घ्या.

कानाच्या यंत्राचंही सांगते. घट्ट कानटोपी वरून आली की यंत्र शिट्टी घालतं, कारण आवाज अडून परत आत जातो. टोपी थोडी सैल हवी, किंवा त्या कानावर फक्त मफलर. टोपीच्या आत दमटपणाने बॅटरी लवकर उतरते, जोडी सोबत ठेवा. आणि ड्रम समोर आले की यंत्राचा आवाज कमी करायला त्यांना आधीच शिकवा, पहिल्या दणक्याला काढून फेकतील.

मफलर नाकावरून घ्यायला लावा. गार हवा सरळ छातीत गेली की वयस्कांना खोकल्याची उबळ येते, दम्याचं कोणी असेल तर त्याहून जास्त.

---

घोंगडीवाला:

घोंगडी न्या! हा प्रश्न मी वाट बघत होतो कुणी विचारतंय का ते.

दख्खनी मेंढीच्या लोकरीची, हातमागावर विणलेली खरी घोंगडी असेल तर इथल्या दुकानातल्या फ्लीसच्या पांघरुणापेक्षा ती उघड्यावर कितीतरी चांगली. फ्लीस हलकं आणि मऊ, पण वारा त्यातून आरामात जातो. घोंगडीची वीण घट्ट, शिवाय वापरून वापरून ती घट्ट होत जाते. धनगर पावसात डोक्यावर खोळ करून रानात उभे राहतात ते उगाच नाही. बारीक दव-तुषार वरच्या वर राहतात, आणि ओली झाली तरी लोकर ऊब धरते, कापूस धरत नाही.

फक्त तशी टोचते, म्हणून मांडीवर घेण्याआधी खाली एक पातळ ओढणी घाला. आणि नेमकी कशी घ्यायची: दोघांनी मिळून एक, मांडीपासून सुरू करून पावलांखाली दुमडून, वरून कमरेपर्यंत. पावलांखाली दुमडली नाही तर खालच्या फटीतून वारा येणारच. खांद्यावर घेऊन काही उपयोग नाही, कोट आहे तिथे.

वास येतो थोडा ओली झाल्यावर. शेजारच्या अमेरिकन बाई वळून बघतील, बघू देत.

---

पिट_क्रू_बाबा:

चहाचं: थर्मास आधी उकळतं पाणी भरून पाच-दहा मिनिटं ठेवा, मग ओतून चहा भरा. नाहीतर अर्धी ऊब थर्मासच खाऊन टाकतो. दुधाचा चहा तीन-चार तासांनी जुना लागतो. आल्याचा कोरा काढा न्या, बाबांचा बिनसाखरेचा. बाहेरचं पेय आत चालत नसेल तर थर्मास गाडीतच ठेवा आणि मधल्या सुट्टीत तिथे प्या. खायला मोजे न काढता खाता येईल असं काहीतरी. लाडू, पोळीचा गुंडाळा. इडली नको, थंडीत ती दगड होते. चिवडा तर मोज्यांच्या हातात अर्धा बाकाखाली.

मोबाइल आतल्या खिशात ठेवा. थंडीत बॅटरी २० टक्के दाखवतानाच बंद पडते, आणि बरोब्बर त्याच आठ मिनिटांत. ८:१० ला बाहेर काढा, आधी रेकॉर्डिंग चालतं का ते विचारून. काही ठिकाणी व्हिडिओला मनाई असते, कारण संगीताचे हक्क असतात.

---

मुक्काम_एडिसन:

आणि पुढच्या आठवड्यात इंडियानापोलिसला बहिणीच्या मुलाची राष्ट्रीय स्पर्धा आहे, तिथेही हेच सगळं?

---

सूर_थोडा_खाली:

नाही हो. बँड्स ऑफ अमेरिकाची राष्ट्रीय स्पर्धा ल्युकस ऑइल स्टेडियममध्ये होते, ते छपराचं आहे. आत साधा स्वेटर पुरतो. फक्त मुलांचा वादनाआधीचा सराव आणि तुमचं पार्किंगपासून चालणं थंडीत, म्हणून कोट असा घ्या की काढून मांडीवर ठेवता येईल. आणि तिथे पारदर्शक पिशवीचा नियम कडक असतो, १२ बाय ६ बाय १२ इंच. घोंगडी पिशवीत न घालता हातात न्या, आणि उलगडून दाखवायची तयारी ठेवा.